गोळीवरचे मामा

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

हे नाचले! रस्त्यावर! परक्याच्या वरातीत!

संध्याकाळी समोरच्या मंगल कार्यालयात नवरदेवाची मिरवणूक आली. डीजे नेहमीसारखाच, खिडक्यांच्या काचा हलवणारा. हे उठले, शर्टाची बटणं लावली, चपला घातल्या. मला वाटलं, निघाले भांडायला. या कार्यालयाविरुद्ध पोलिसांत, महापालिकेत, कलेक्टरकडे आजवर जेवढे अर्ज गेलेत ते सगळे ह्यांच्या अक्षरात. जिल्हा परिषदेत ऑडिटला होते ना! आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबात आक्षेप काढले. रिटायर झाले आणि मग माझ्या वरणात काढायला लागले.

मी गॅलरीतून बघतेय. हे थेट डीजेच्या गाडीपुढे. एक हात वर. आता ओरडणार! दुसरा हात वर. आणि मग — कंबर!! माझ्या हातातली मेथीची जुडी सुटली ती खाली बेबाबाईंच्या वाळत घातलेल्या साडीवर.

परत आले तेव्हा कपाळाला गुलाल. म्हणाले, "ताल बरा होता." एवढंच. मग जेवले. वरणावर आक्षेप नाही.

१८ नोव्हेंबर

बेबाबाई सकाळीच वर आल्या, मेथी परत करायला. खरं कारण वेगळंच. "वहिनी, भाऊ घ्यायला लागले का हो?" — आणि अंगठा तोंडाकडे. म्हटलं, अहो, हे चहासुद्धा अर्धा कप घेतात, तोही बशीत मोजून.

२२ नोव्हेंबर

पुन्हा नाचले. आज समोर दोन लग्नं होती, सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन्हींत.

२५ नोव्हेंबर

हे काय चाललंय ते एकदा शांतपणे लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल.

गणपतीच्या सुमारास ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पाय ओढत चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, कंपवात. एक पांढरी गोळी दिली, दिवाळीच्या आधी ती वाढवली. गुण आला, नाही कसं म्हणू! बटणं स्वतः लावतात. चपलेचा आवाज थांबला. आणि नाचतात.

आणि अजून एक. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यासाठी 'ऐकलं का' आहे. राग आला तर 'अगं ए'. आज स्वयंपाकघरात मागून हाक आली — "सुगंधा!" मी वळून बघितलं, कोण बाई आल्यात म्हणून. माझंच नाव! हे दारात उभे, हसत. म्हणाले, "तुझ्या कळण्याच्या भाकरीला तोड नाही."

भाकरी करपली त्या नादात. तीही खाल्ली. छान म्हणून खाल्ली!

२ डिसेंबर

डॉक्टरांकडे तपासणी. हे डॉक्टर तपासतात ह्यांना आणि विचारतात मला. जसं काय मी कल्हईला पातेलं आणलंय. "काकू, झोप लागते का ह्यांना? भूक? बाकी काही त्रास?"

बाकी काही त्रास!

माझ्या डोळ्यांपुढे डीजेची गाडी आली. ती कंबर. मग ती 'सुगंधा' अशी हाक आली. मी म्हटलं, "त्रास कसला? नाही हो. उलट बरं आहे."

हे बाजूच्या खुर्चीतच बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. नाचणं हा काही त्रास नाही, बरोबर आहे ना? मग घरी आल्यापासून खोटं बोलल्यासारखं का वाटतंय?

५ डिसेंबर

आता मीही जाते सोबत. पडतील बिडतील म्हणून. मुलीकडच्यांना वाटतं आम्ही मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. दोन्हीकडून जेवायचा आग्रह! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं. बट्टी मात्र छान होती. वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्त.

८ डिसेंबर, रविवार

ह्यांच्या शर्टाचं बटण शिवायचं राहिलंय. तरी लिहिते.

आज समोर धुळ्याच्या मुलीचं लग्न होतं. मुलगा इथला, जळगावचा. आम्ही मागच्या रांगेत, खुर्च्यांच्या शेवटी, शहाण्यासारखे. अंतरपाट धरला. गुरुजींनी माइकवर म्हटलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." कोणी उठेना. पुन्हा म्हटलं. सगळे एकमेकांकडे बघतायत. नवरीची आई स्टेजच्या कडेला पदर तोंडाला लावून उभी. माझ्या शेजारची बाई कुजबुजली — विधवा आहे बिचारी, भिकुबाई नाव, भावाशी शेतावरून वाद झाला, काल रात्री भावाने फोन बंद केला तो केलाच. मुहूर्त टळायला आला. गुरुजी तिसऱ्यांदा, आता जरा चिडून, "मुलीचे मामा!"

"आलो!"

हे! हे उभे! मी शर्ट धरला, तर बटण माझ्या हातात आलं आणि हे निघाले. सगळ्या मांडवातून ताठ चालत आत गेले, त्या मुलीचा हात धरला आणि तिला घेऊन आले. तिच्या पाठीशी नारळ धरून उभे राहिले. हात थरथरत होता, तर नारळही थरथरत होता. लोकांना वाटलं, मामांना भरून आलंय. दोन बायका तर रडल्याच. अक्षता पडल्या.

मग भिकुबाई ह्यांच्यापुढे आली. हात जोडलेले. "भाऊ, तुम्ही उभा राहिनात, मनी लाज राहिनी. आते तुम्हीच मना भाऊ!" माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मला वहिनी म्हणाली. ह्यांनी काय करावं? म्हणाले, "आखाजीला माहेरी ये. आमच्याकडे. झोका बांधतो."

आखाजीला! अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला! ज्या माणसाने स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, ती होती तोवर, कधी 'ये' म्हटलं नाही!

घरी येताना विचारलं, "ही बाई कोण तुमची?" सरळ म्हणाले, "बहीण. आणि मयुरी भाची. तू तिथेच होतीस की."

१० डिसेंबर

भिकुबाईचा फोन आला धुळ्याहून. ह्यांच्याशी खूप वेळ बोलली. हे नुसतं 'हो ताई, हो ताई'. मला मूल नाही, नणंद गेली, घरात फोन वाजायचा तो गॅस सिलेंडरचा. आज वाजला तर बरं वाटलं. लिहून ठेवते, बरं वाटलं.

१३ डिसेंबर

मुक्ताईनगर. समोरच्या कार्यालयात वाजवणारा बँडवाला नूर महंमद ह्यांना आपल्या टेम्पोतून घेऊन गेला. ह्यांनी सर्वांत जास्त अर्ज ज्याच्याविरुद्ध केले, तोच हा! आता खाली येऊन हॉर्न वाजवतो आणि मला सांगतो, "भाभी, साहब नसले तर बाजा उठत नाही." मीही चढले टेम्पोत, ढोलाच्या आणि ह्यांच्या मध्ये.

तिथे नवरीला मामा होता! चांगला धडधाकट, फेटा बांधलेला. गुरुजींनी पुकारलं तसा तो उठला. आणि हेही उठले!! "तुम्ही कोण?" "मामा." "मग मी कोण?" "तेही तुम्हीच सांगा," हे म्हणाले. ऑडिटचा आवाज लावला की समोरच्याला स्वतःचीच शंका येते. तो मामा खरंच गोंधळला. शेवटी तोडगा निघाला — त्याने उजवा हात धरायचा, ह्यांनी डावा. नवरी, भाविका तिचं नाव, दोघांच्या मध्ये हसू दाबत आली. फोटोवाला म्हणाला, मोठे मामा जरा इकडे बघा. दोघांनीही बघितलं.

१७ डिसेंबर

आता महिनाभर तिथी नाहीत. बरं झालं बाई.

२८ डिसेंबर

बरं कुठलं! रोज सकाळी भाच्यांना फोन. आज हे मयुरीच्या सासरी जाऊन आले, इथेच पिंप्राळ्यात. सासूला म्हणे विचारलं, मुलीला सकाळी चहा कोण देतं? गॅस गळत नाही ना? पाण्याची टाकी कधी धुतली? सासूला वाटलं, सरकारी माणूस आहे. तिने टाकी धुतली.

मयुरीचा मला फोन: "मामी, मामांना सांगा, पुढच्या महिन्यात पण या."

१९ जानेवारी

तिथी सुरू. नूर महंमदचा हॉर्न.

२ फेब्रुवारी, रविवार

दोंडाईचा. मी नव्हते गेले, मेली कंबर धरलेली. तिथे हे नवरदेवाच्या घोडीवर चढले.

नवरदेव घोडीवर बसायच्या आधी! म्हणे घोडी नीट चालते की नाही ते बघत होते. तपासणी! घोडीला बँड सवयीचा, पण असला मामा सवयीचा नव्हता. ती ह्यांना घेऊन स्टेशनच्या रस्त्याने सुटली. मागे नवरदेव, त्याच्या मागे वऱ्हाड, त्याच्या मागे नूर महंमद क्लॅरिनेटसकट. स्टेशनच्या फाटकाशी घोडी थांबली, हे नाही थांबले.

भुवईवर टाके. नूर महंमद घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे लाल. म्हणाला, "भाभी, साहब हसत होते. पडल्यावर पण हसत होते. मला भीती वाटली."

मलाही वाटली. डोकं फुटलं असतं तर!

३ फेब्रुवारी

ह्यांच्या जखमेसाठी नवी पट्टी आणायला मी पियुषच्या मेडिकलमध्ये गेले. माझ्या बहिणीचा मुलगा, तोच औषधं देतो आम्हाला. आज सगळं सांगितलं त्याला, नाचण्यापासून घोडीपर्यंत. आधी हसला. मग एकदम हसायचा थांबला. "मावशी, काकांची ती पांढरी गोळी... कधीपासून वाढवली?"

त्याच्याकडे एक काकू येतात, हीच गोळी. त्यांनी प्रेशर कुकर घ्यायला सुरुवात केली. घरभर कुकर! पलंगाखाली कुकर! एक मास्तर आहेत, ते मोबाईलवर पत्ते खेळता खेळता गाडी विकून बसले. "काहींना होतं असं. माणसाला एखाद्या गोष्टीचा छंद लागतो आणि आवरता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

कोणी नाही सांगितलं. आणि तू? तू तर गोळ्यांच्या पट्ट्या हातात देत होतास! मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल."

४ फेब्रुवारी

म्हणजे 'सुगंधा' म्हणणारी ती गोळी होती का? करपलेली भाकरी छान म्हणणारी?

मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

१० फेब्रुवारी

सांगितलं डॉक्टरांना. गप्प राहिले असते तर हे कुठल्या तरी घोडीवरून डोकं आपटून गेले असते, आणि मग सुगंधा म्हणायला गोळीसुद्धा उरली नसती.

डॉक्टर म्हणाले, "हो, होतं काही जणांना." इतक्या सहज! म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं? "काकू, सगळं सांगायला बसलो तर लोक गोळीच घेणार नाहीत." मग आवाज बारीक करून, "जुगार? खरेदी? ...बायकांच्या बाबतीत काही?"

"नाही हो. मामा होतात."

पेन थांबलं. "म्हणजे?"

"परक्या लग्नांत मामा होतात."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. मग लगेच माझ्याकडे वळले आणि म्हणाले, हळूहळू कमी करत बंद करू, दुसरी देऊ. हात थोडा थरथरेल, पाय जड होतील, पण हे थांबेल.

रिक्षा पुलावर आल्यावर हे म्हणाले, "मला विचारायचं होतं."

खरंच, कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

२ मार्च

गोळी अर्ध्यावर. आज वरात आली. हे खिडकीपर्यंत गेले, परत आले.

१४ मार्च

गोळी बंद. चपलेचा आवाज पुन्हा सुरू झाला, फरफर फरफर.

१९ मार्च

"ऐकलं का, वरणात मीठ जास्त."

मी बसले ताटापुढेच आणि रडले. हे बघत राहिले. काय झालं ते विचारलं नाही, विचारायचं होतं बहुतेक, पण जमलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

नूर महंमद आला होता. मी बत्ताशांची माळ दिली त्याच्या मुलीसाठी. तासभर बसला ह्यांच्यासमोर. जाताना मला म्हणाला, "भाभी, एखादा अर्ज तरी करा म्हणावं माझ्याविरुद्ध."

६ एप्रिल

भिकुबाईचे फोन येतात. हे घेत नाहीत. फोनकडे बघत बसतात, वाजायचा थांबला की दुसऱ्या खोलीत जातात. मी घेतला तर तिचं सुरू — आखाजीला कोणती गाडी धरू? झोका कुठे बांधणार? सांजोऱ्या तिकडून आणू की तिथे करू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माहेरी जाणार म्हणून गल्लीभर सांगून आलीय. आणि इथे हे! बाई पिशवी घेऊन दारात उभी राहील, आणि हे तिच्याकडे बघून दुसऱ्या खोलीत जातील. आधी सख्ख्या भावाने तोंड फिरवलं, आता ह्या भावाने. दुसऱ्यांदा तेच, आणि तेही माझ्या दारात.

नाही. तिला आधीच सांगायला हवं.

२१ एप्रिल

धुळ्याला जाऊन आले. एसटीने. ऊन असं की खिडकीची कांब धरवत नव्हती.

भिकुबाई देवपूरला राहते, दोन खोल्या. लोकांचे पापड लाटून देते. मला बघून लाटणं हातात घेऊनच दारात आली. "वहिनी उनी!" शेजारणींना हाका. ही मनी वहिनी, जळगावनी! वाटलं, न सांगता परत जावं. पण चहा झाल्यावर सांगितलंच. म्हटलं, ताई, तुमच्या भावाला आजार आहे. त्याची एक गोळी होती. त्या गोळीमुळे ते तसे वागत होते. तुमच्या मयुरीचे मामा झाले ते गोळीमुळे. तुम्हाला माहेरी बोलावलं तेही. आता गोळी बंद झाली. आता ते कोणाशीच बोलत नाहीत. तुम्ही येऊ नका, तुम्हालाच वाईट वाटेल.

ती ऐकत होती. पापडाच्या लाट्या तेलात बुडवून ठेवत होती, एकेक.

"गोळी खाईसन उभा राहिना तो?"

"हो."

"वहिनी, मना सख्खा भाऊ शुद्धीवर व्हता. तो उना नही."

ती उठली, हात धुतले, माझ्या ओटीत पापडांचं पुडकं घातलं. "मी येसू. भाऊ बोलना तरी येसू, नही बोलना तरी येसू. सांजोऱ्यासना बठ्ठा सामान मी लई येसू."

येताना गाडीत उभं राहावं लागलं. पापड मोडू नयेत म्हणून पुडकं डोक्यावर धरलं. लोक बघत होते, बघू देत.

२२ एप्रिल

ह्यांना सांगितलं, ती येणार आहे. वरण जेवले. मीठ कमी होतं मुद्दाम, तरी बोलले नाहीत.

३० एप्रिल, आखाजी

भिकुबाई आली. दारात पिशवी टेकवून म्हणाली, "भाऊ?"

हे खुर्चीतून उठले. मला वाटलं, गेले दुसऱ्या खोलीत. तर स्वयंपाकघरात आले, माझ्याजवळ. हात भयंकर थरथरत होता. हळूच म्हणाले, "जुनी एखादी गोळी उरलीय का? एकच. तिच्यासमोर मला असं जमायचं नाही."

एक पट्टी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली आहे मी. का ठेवली, ते या पानालाही सांगितलं नव्हतं.

म्हटलं, "आहे. पण देणार नाही. असेच जा."

पाय ओढत, भिंत धरत, पण गेले.